माझ्यामागे या सिस्टीमचं काय होणार?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ७४ वर्षांचे निवृत्त अभियंते आहेत आणि पत्नीसह पुण्यात राहतात. त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. चार महिन्यांत घर रिकामं करून, नवी इमारत होईपर्यंत भाड्याच्या लहान फ्लॅटमध्ये जायचं आहे. हॉलची एक अख्खी भिंत त्यांच्या हाय-फाय सिस्टीमने व्यापलेली आहे. थोरेन्सचं टीडी १६० टर्नटेबल (परदेशी परतणाऱ्या एका कुटुंबाकडून सेकंडहँड घेतलेलं), क्वाडचा ३३ प्रीअँप आणि ३०३ पॉवर अँप (आवाज वाढवणारी दोन यंत्रं), वॉर्फडेलचे मोठे उभे स्पीकर. सोबत सुमारे ६०० एलपी, वडिलांकडून आलेल्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्यांच्या दोन पेट्या आणि ‘घरगुती बैठकींचे काही जुने स्पूल (टेपची उघडी रिळं) व कॅसेट’. मुलगा जर्मनीत, मुलगी ठाण्याला. दोघांनीही ‘आम्हाला नको’ असं सांगितलं आहे. ‘विकून टाका, मी चांगला ब्लूटूथ स्पीकर पाठवतो,’ असं मुलगा म्हणाल्यापासून त्यांचं कशात मन लागत नाही. ते लिहितात, ‘मुलांना लहानपणी कधी हात लावू दिला नाही, म्हणून सिस्टीम आजही नव्यासारखी आहे. सौ.ला यातलं काही कळत नाही. माझ्यामागे हे सगळं किलोच्या भावाने भंगारात जाईल या विचाराने झोप उडते.’ मुलांना याची किंमत कशी पटवून द्यावी, विकायचं तर कदर करणारा माणूस कसा शोधावा, की सरळ मृत्युपत्रात लिहून ठेवावं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

नमस्कार काका,

मुलाचं ते ब्लूटूथ स्पीकरचं वाक्य तुम्ही नकार म्हणून ऐकलंत. मला त्यात काळजी जास्त दिसली. बाबा लहान घरात जाणार, त्यांचं गाणं बंद पडू नये, इतक्या लांबून आपण काय करू शकतो, तर एक स्पीकर पाठवू शकतो, एवढाच त्याचा हिशेब असावा. तुम्ही मात्र ‘सिस्टीम नको’ याचा अर्थ ‘बाबांनी जन्मभर जे जपलं ते नको’ असा लावलात, आणि पुढचं सगळं पत्र त्या दुखऱ्या जागेवरून लिहिलं गेलं.

मुलांना किंमत पटवून देण्याच्या मागे लागू नका, असं मी स्पष्टच सांगते. तुम्ही थोरेन्सचं कौतुक जितकं कराल तितकं ‘हे आम्ही घेतलंच पाहिजे का’ हे दडपण त्यांच्यावर वाढेल. त्याऐवजी तुमच्याच पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचा: लहानपणी हात लावू दिला नाही. त्या काळी ते योग्यच होतं. परदेशी वस्तूंवर जबर आयात शुल्क होतं, सुई तुटली तर कुणी परदेशातून येणारा गाठावा लागायचा. पाच वर्षांच्या मुलाच्या हातात टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा तो नाजूक दांडा, कोण देईल? पण त्या शिस्तीचा आणखी एक परिणाम झाला असणार. मुलं त्या भिंतीपासून चार हात लांब राहायला शिकली. ती वस्तू बाबांची होती, घराची नव्हती. आज इतक्या वर्षांनी तीच वस्तू ‘आता तुमची’ म्हणून पुढे केली, तर ती दोघं बावरली यात नवल नाही.

पुढच्या वेळी मुलगी ठाण्याहून आली की तिला रेकॉर्ड लावायला सांगा. तुम्ही उठू नका. कव्हरमधून तबकडी कशी काढायची, कडेला आणि मधल्या लेबललाच कसं धरायचं, लिव्हरने टोनआर्म कसा खाली सोडायचा, हे बसल्या जागेवरून सांगा. त्यामुळे ती सिस्टीम घेऊन जाईल असं मी म्हणत नाही. बहुधा नाहीच नेणार. पण उद्या तिलाच त्या भिंतीसमोर उभं राहून निर्णय घ्यावे लागले, तर समोर काय आहे हे तिला ठाऊक असेल. भंगारवाल्याला तुम्ही घाबरता आहात. त्याच्याकडे वस्तू जातात त्या बहुतेकदा घरात कुणालाच त्या ओळखता येत नाहीत म्हणून. मुलगा दोन आठवड्यांच्या रजेवर आलेला, घर रिकामं करायचं, विचारायला कोणी नाही. अशा वेळी दारात जो पहिला येतो तो घेऊन जातो.

आता तुम्ही ज्याला ‘हे सगळं’ म्हणता, ते आपण सोडवून बघू. त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या वाटा एक नाहीत.

पत्रात अर्ध्या ओळीत उरकलेले स्पूल आणि कॅसेट मी सर्वांत आधी घेईन. माझ्या मते तुमच्या घरातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. टीडी १६० हे १९७०च्या दशकातलं लोकप्रिय मॉडेल, आजही जगभर त्याची खरेदी-विक्री चालते. क्वाड ३०३ हा १९६७ पासून १९८५ पर्यंत बनत होता. किशोरीताईंची किंवा कुमारजींची एलपी खराब झाली तर शोधल्यावर दुसरी मिळेल. पण एखाद्या मित्राच्या दिवाणखान्यात पंधरा-वीस माणसांसमोर झालेल्या गाण्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. ती टेप गेली की ती बैठक गेली.

आणि टेप जातात. टेपवरची चुंबकीय पूड ज्या द्रव्याने पट्टीला धरून ठेवलेली असते, ते दमट हवेत ओलावा शोषून हळूहळू विघटित होतं. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या काही टेपांचं हे दुखणं जाणकारांना चांगलंच माहीत आहे. अशी टेप यंत्रावर लावली की ती हेडला चिकटते, किंचाळते आणि थर खरवडला जातो, म्हणजे ऐकता ऐकताच पुसली जाते. म्हणून ‘चालतोय का बघू’ असं म्हणत माळ्यावरचा जुना स्पूल रेकॉर्डर काढून त्यावर टेप लावू नका. हे काम नियमित करणारा, नीट राखलेलं यंत्र असणारा माणूस गाठा. आधी एकच, सर्वांत कमी महत्त्वाचा स्पूल देऊन त्याचं काम पाहा. फाइल मागताना डब्ल्यूएव्ही स्वरूपात, किमान २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ, शक्य असेल तर ९६ किलोहर्ट्झ, असं लिहून द्या. एमपी३ घरच्यांना पाठवायला ठीक, जपून ठेवायला नाही. ‘खरखर काढून आवाज स्वच्छ करून देतो’ असं कोणी म्हणालं तर जरूर करू द्या, पण काहीही न छेडलेली मूळ फाइल वेगळी मागून घ्या. सफाईत तंबोऱ्याचा झंकारही अनेकदा धुतला जातो. फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडे, एक ठाण्याला. आणि फाइल झाली म्हणून मूळ स्पूल फेकू नका.

दुसरं काम तुमच्याशिवाय कोणालाच जमणार नाही. बैठक कुणाच्या घरी होती, साल कोणतं, तबल्याला कोण, पेटीला कोण, राग कोणता, मध्येच ‘वा’ म्हणणारा तो भरदार आवाज कुणाचा, हे स्पूलच्या डब्यावरच्या चिठ्ठीत मावत नाही. मुलीला सांगा, फोनवर रेकॉर्डिंग चालू कर आणि मला प्रश्न विचार. एका वेळी एकच स्पूल घ्या. गाण्याची आवड नसलेल्या माणसालाही वडिलांच्या तोंडून त्यांच्या तरुणपणाच्या रात्री ऐकायला आवडतात, आणि त्या टेपांमध्ये कपबश्यांचे आवाज, कदाचित काकूंचा आवाजही असेल. मुलांना तुमचा हा ठेवा द्यायचा असेल तर माझ्या मते तो या रस्त्याने त्यांच्यापर्यंत पोचेल. जर्मनीलाही एका क्षणात जाईल.

काही बैठकी खरोखरच महत्त्वाच्या निघाल्या, तर त्या घरातच ठेवू नका. गुरुग्राममध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीतविषयक ध्वनिसंग्रहालय आहे. ‘एआरसीई’ या नावाने ते ओळखलं जातं. १९८२ पासून चालू आहे आणि लोकांचे खासगी संग्रह तिथे ठेवले जातात. कुणी ऐकावं, प्रत कुणाला मिळावी, याच्या अटी देणाऱ्याशी बोलून ठरवता येतात. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचाही मोठा ध्वनिसंग्रह आहे. आधी फक्त यादी पाठवा, पेट्या नाही. यूट्यूबवर टाकायचा मोह होईल, पण घरगुती बैठकीत गाणाऱ्याने ते जगासाठी गायलेलं नसतं. कलाकार किंवा त्यांचे वारस यांना विचारल्याशिवाय ते जाहीर करू नका.

वडिलांच्या ७८च्या पेट्यांचं मला थोडं आश्चर्य वाटलं. टीडी १६०ला ३३⅓ आणि ४५ असे दोनच वेग आहेत. म्हणजे तुम्हीसुद्धा या तबकड्या त्यावर कधी वाजवलेल्या नसणार. त्यांची सुईही वेगळी, जाड टोकाची लागते. एलपीची सुई त्या रुंद खाचेत तळाला घासत जाते. मग त्या तुमच्या सिस्टीमच्या भवितव्याला बांधून का ठेवायच्या? त्यांची सोय आजच करता येते. लेबलवरचं नाव, क्रमांक आणि कलाकार यांची यादी करा, प्रत्येक लेबलचा फोटो काढा. पुसायच्या असतील तर मऊ कोरड्या कापडाने पुसा. स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावू नका, कारण त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० पासून याच कामाला वाहिलेली आहे. अशा लोकांना यादी दाखवलीत तर त्यात काय दुर्मीळ आहे आणि काय घरोघरी होतं, हे ते सांगू शकतील. वडिलांची आठवण म्हणून तीन-चार स्वतःकडे ठेवा.

एलपींबद्दल आधी एक गणित. कव्हरसकट एक एलपी साधारण पाव किलोची धरली, तर ६०० म्हणजे दीडशे किलो. भाड्याच्या फ्लॅटच्या भिंतीतल्या फळीवर हे वजन चढवू नका. ते जमिनीवर टेकलेल्या भक्कम कपाटातच हवं. रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत, आणि माळ्यावर तर मुळीच नाही. उन्हाळ्यात माळ्याची उष्णता व्हिनाइलला वाकवते आणि पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते.

पण ६०० न्यायच्याच कशाला? आजपासून, रेकॉर्ड ऐकून झाली की तिचं कव्हर कपाटात उलटं ठेवा, कणा आतल्या बाजूला. घर सोडायच्या वेळी उलटी कव्हरं मोजा. माझा अंदाज आहे, ती शंभरच्या आत-बाहेर असतील. ती तुमची. ती आणि टर्नटेबल तुमच्याबरोबर जातील. उरलेल्यांतून संग्राहकांना हव्या असलेल्या बाजूला काढा. एचएमव्हीच्या कव्हरवरचे ईएएलपी, ईएएसडी, ईसीएलपी असे क्रमांक ‘डिस्कॉग्ज’ या संकेतस्थळावर टाकले की कोणती आवृत्ती, साल कोणतं हे बऱ्याचदा सापडतं. तिथल्या परदेशी किमती पाहून मात्र हुरळू नका, किंमत शेवटी तबकडीच्या आणि कव्हरच्या अवस्थेवर ठरते. राहिलेल्या, म्हणजे त्या काळी लाखो घरांत असलेल्या रेकॉर्ड एकगठ्ठा द्या. एकेक विकत बसलात तर चार महिने त्यातच जातील. नुकतंच टर्नटेबल घेतलेली, पंचवीस-तिशीतली मुलं आता पुण्या-मुंबईत कमी नाहीत. त्यांच्यातल्या एखाद्याला पन्नास रेकॉर्डचा गठ्ठा हलक्या किमतीत दिलात, तर त्या वाजतील. तुम्हाला तेवढंच हवं आहे ना?

आता मूळ सिस्टीम. पत्रात तुम्ही ती कोणाला द्यायची एवढंच विचारता, जणू चार महिन्यांत ती गेलीच पाहिजे. का बरं? तुम्ही ७४ वर्षांचे आहात, रोज ऐकता, यंत्रं चालू आहेत. लहान घरात जाताना माणसं आधी आपली आवड बांधून टाकतात आणि मग त्या घरात करमत नाही म्हणतात. माझं मत असं की टर्नटेबल आणि क्वाड न्या, मोठे स्पीकर नेऊ नका. लहान खोलीत ते भिंतीला चिकटवून ठेवावे लागतील, बास घुमेल, शेजारी दार वाजवतील. त्यांच्या जागी चांगले बुकशेल्फ स्पीकर घ्या, ३०३च्या ४५ वॅटला ते भरपूर झाले. वॉर्फडेल मात्र आत्ता, याच घरात, जोडलेले असताना विका. ही गोष्ट तुमच्यासारख्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. वाजणारी वस्तू आणि खोक्यात बांधलेली वस्तू यांच्या किमतीत फार मोठं अंतर पडतं. घेणाऱ्याला बसवा, त्याच्या आवडीची रेकॉर्ड लावा, त्याला हवं तितकं ऐकू द्या.

नेण्याआधी एकदा चांगल्या तंत्रज्ञाला दाखवा. इतक्या जुन्या अँपमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयोमानाने कोरडे पडतात, टर्नटेबलचा पट्टा सैल होतो. आणि भाड्याच्या घरात सिस्टीम जोडायची राहून गेली, दोन-तीन वर्षं बंद पडली, तर एकदम प्लग लावून चालू करू नका. तंत्रज्ञाला बोलवा, तो व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या उपकरणावर) व्होल्टेज हळूहळू वाढवत नेईल.

पुढे कोणाला द्यायची, तो माणूस मात्र आत्ताच शोधायला लागा. बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ज्याच्याकडून तुम्ही दुरुस्त्या करून घेतल्या असतील, त्याला विचारा. कुणाला काय हवं आहे हे त्याला ठाऊक असतं. सवाईच्या मांडवात दरवर्षी भेटणारी तुमची मंडळी आहेतच. त्यांची मुलं, शिष्य, ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेणारा एखादा मुलगा किंवा मुलगी. असं कोणी भेटलं तर महिन्यातून एकदा घरी ऐकायला बोलवा. सुई कशी बदलायची, ट्रॅकिंगचं वजन, म्हणजे सुईचा तबकडीवरचा दाब, कसं लावायचं, हे त्याला शिकवा. मग एक दिवस सांगा, ‘मला जमेनासं झालं की ही तुझी.’

संस्थेला देण्याचा विचार असेल, गायनशाळा, ग्रंथालय वगैरे, तर जागा आहे का हे विचारण्याआधी माणूस आहे का ते विचारा. चालवणारं आणि सांभाळणारं एक नाव मिळालं नाही, तर देऊ नका. कपाटात कुलूपबंद राहण्यासाठी ती तिथे जायला नको.

आणि घेणारा उद्या दुप्पट किमतीला विकेल, अशी धास्ती असेल तर ती सोडून द्या. विकेलही. ज्या कुटुंबाकडून तुम्ही थोरेन्स घेतलीत त्यांनीही ती कुठल्यातरी हौसेने घेतली असणार, आणि तुम्ही तिची इतकी काळजी घ्याल हे त्यांना सांगता आलं नसतं. अटी घालून दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या डोक्यावर ओझं होते. चांगला माणूस पाहून द्या आणि तिथे थांबा.

मृत्युपत्राबद्दल. कराच, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. साध्या कागदावर लिहिलेलं, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं मृत्युपत्र चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे पण केलेली बरी. ज्याला वस्तू द्यायची त्यालाच साक्षीदार करू नये. अडचण अशी की मृत्युपत्र बहुतेक घरांत सगळं आटोपल्यावर उघडलं जातं, आणि तोवर हॉल रिकामा झालेला असू शकतो. शिवाय टर्नटेबलसारखी जंगम वस्तू हयातीत द्यायला कसलाच दस्त लागत नाही. देतो म्हणून हाती दिली आणि समोरच्याने घेतली की दान पूर्ण होतं. म्हणून जे देणं ठरलंय ते शक्यतो स्वतःच्या हाताने द्या.

त्याबरोबर एक पान लिहा. मराठीत, मोठ्या अक्षरात. प्रत्येक वस्तूचं नाव, ती चालू आहे का, आज बाजारात अंदाजे काय मिळेल, कोणाला द्यायचं ठरलंय, ते नसतील तर कोणत्या दोन माणसांना फोन करायचा, तंत्रज्ञाचा नंबर. ‘यातलं काहीही वजनावर देऊ नये’ असं स्पष्ट लिहा. जोडणीचा फोटो पाठीमागच्या बाजूने काढून त्यालाच जोडा. क्वाडला साध्या आरसीए पिना लागत नाहीत, जुन्या पद्धतीच्या गोल डिन पिना लागतात, आणि त्या वायरी हरवल्या की चांगला चालू अँपही बंद समजून टाकला जातो. त्या एका पिशवीत घालून अँपलाच बांधून ठेवा. पानाची एक प्रत मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. ज्यांच्याकडे सिस्टीमऐवजी जुने कॅमेरे, हत्यारं, हार्मोनियम किंवा ग्रंथसंग्रह आहे, त्यांनीही हे एक पान लिहावं. मागे राहणाऱ्यांचा निम्मा गोंधळ त्याने वाचतो.

आता काकूंबद्दल. ‘सौ.ला यातलं काही कळत नाही’ असं तुम्ही लिहिलंत आणि पुढे गेलात. वॅट आणि कार्ट्रिज कळत नसेल. पण इतकी वर्षं त्या घरात जे वाजलं ते त्यांनीही ऐकलंय, स्वयंपाक करता करता, भाजी निवडता निवडता. त्यांना काय आवडतं हे कधी विचारलंय का? तुमच्या सगळ्या पत्रात ‘माझ्यामागे’ म्हणजे थेट मुलं. तुमच्यामागे त्या असू शकतात, आणि त्यांना हवी ती रेकॉर्ड लावता आली नाही तर ते घर एकदम मुकं होईल. उलटी कव्हरं मोजाल तेव्हा पंधरा-वीस त्यांच्या निवडीची ठेवा. आधी कोणतं बटण, व्हॉल्यूम कुठवर, सुई कशी ठेवायची, हे त्यांच्याकडून चार-पाचदा करवून घ्या. त्यांना ते नको असेल तर तेही ऐकून घ्या, आणि मुलाला कळवा की तो स्पीकर जरूर पाठव, आईसाठी. स्पूलच्या फाइलही त्यावर लागतील.

तुमच्या स्वतःच्या कानांची तपासणी केली नसेल तर याच महिन्यात करा. वयाबरोबर वरच्या पट्टीतले सूक्ष्म स्वर आधी कमी ऐकू येतात, आणि पुष्कळ लोक तो दोष सुईला किंवा स्पीकरला देऊन नवी खरेदी करतात. कानाचं यंत्र लागलंच तर ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) सांगा की तुम्ही गाणं ऐकता. कानाची यंत्रं मुळात बोलणं स्पष्ट ऐकू येण्यासाठी बसवलेली असतात, संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम अनेकांत घालून मिळतो. हात थरथरत असेल तर टोनआर्म बोटाने न सोडता नेहमी लिव्हरने सोडा. वजन मात्र आता अजिबात उचलायचं नाही, एलपीचं खोकंसुद्धा नाही.

राहिली हलवाहलव. टर्नटेबल पॅकर्सच्या हवाली तसंच करू नका. बाहेरची जड थाळी आणि पट्टा काढून वेगळे गुंडाळा, सुईला टोपण घाला, काउंटरवेट (टोनआर्मच्या मागच्या टोकाचं वजन) काढून पिशवीत ठेवा, टोनआर्म त्याच्या आधाराला बांधा. टीडी १६०चा आतला भाग स्प्रिंगांवर तरंगता असतो, तो हलणार नाही असा पक्का करा, आणि प्रवासात ती आडवी, मांडीवर किंवा गाडीच्या सीटवर न्या, ट्रकमध्ये नको. हे सोडवायला आणि नव्या घरात पुन्हा जोडायला मुलीला बोलवा. तुम्ही खुर्चीत बसून सांगा, हात तिचे चालू देत. तिला त्यासाठी दोन दिवसांची रजा लागेल, ती आत्ताच मागून ठेवायला सांगा.